१९८६ सालची पोर्शे ९४४ मुलांना घेऊन वापरण्याइतकी सुरक्षित मानावी का?

प्रश्न – मंदगती

नमस्कार. माझ्याकडे १९८६ सालची पोर्शे ९४४ आहे. आजवर ती मी सुटीच्या दिवशी, बहुतेक वेळा एकट्यानेच चालवत आलो आहे. आता घरातली दुसरी गाडी विकण्याचा विचार सुरू आहे. ती विकली, तर मुलांची शाळेची ने-आण आणि अधूनमधून होणारा लांबचा प्रवास याच गाडीवर येईल. मुलगी नऊ वर्षांची आहे आणि मुलगा चार वर्षांचा.

गाडीत एअरबॅग नाहीत आणि एबीएसही (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नाही. मात्र इंजिन, गिअरबॉक्स आणि सस्पेन्शन यांची अवस्था चांगली आहे, पत्रा ठोस आहे, वळणावर गाडी रस्ता सोडत नाही आणि ब्रेक दाबताच ती सरळ रेषेत थांबते. अपघात टाळता येणे हीसुद्धा सुरक्षितताच आहे आणि त्या बाबतीत ही गाडी अनेक नव्या गाड्यांना मागे टाकते, असे माझे म्हणणे आहे. पत्नीला ते पटत नाही. अपघात टाळणे नेहमी आपल्या हातात नसते आणि मुलांना निवड करता येत नाही, असे तिचे म्हणणे आहे.

‘जुनी गाडी म्हणजे धोका’ किंवा ‘पूर्वीच्या गाड्या मजबूत असत’ अशी सरसकट उत्तरे मला नको आहेत. पैसे आणि मेहनत घालून या गाडीत काय सुधारता येईल आणि कितीही खर्च केला तरी काय सुधारणार नाही, हे जाणकारांनी वेगवेगळे करून सांगावे, एवढीच विनंती आहे.

उत्तर – भारवाही

तुम्ही प्रश्न योग्य जागी धरला आहे, म्हणून मी फक्त न सुधारता येणाऱ्या गोष्टींबद्दल लिहितो.

त्यातली पहिली गोष्ट म्हणजे सांगाडा. धडकेच्या वेळी गाडीचा पुढचा भाग चुरगळून ऊर्जा शोषून घेतो आणि माणसे बसतात तो मधला भाग शाबूत राहतो, ही कल्पना मर्सिडीजच्या बेला बारेनी यांनी १९५०च्या दशकात मांडली, आणि ९४४ची रचना करणाऱ्यांना ती अर्थातच ठाऊक होती. तरीही त्या काळच्या चाचण्यांमध्ये गाडी बहुधा पूर्ण रुंदीने भिंतीवर आदळवली जात असे. प्रत्यक्ष रस्त्यावर समोरासमोरची धडक अनेकदा अर्धवट, एका बाजूने होते, तेव्हा सगळा भार एकाच बाजूच्या लोखंडावर येतो आणि स्टिअरिंग, पेडल व डॅशबोर्ड आत घुसतात. अशा अर्धवट धडकेची चाचणी अमेरिकेतील आयआयएचएस या रस्ता-सुरक्षा संस्थेने १९९५मध्ये सुरू केली आणि युरो एनकॅप या युरोपातील गाड्यांच्या सुरक्षा-चाचणी कार्यक्रमाचे पहिले निकाल १९९७मध्ये आले. तुमची गाडी या दोन्हींच्या आधीची आहे. तिचा सांगाडा या परीक्षेसाठी घडवलेलाच नाही आणि तो नंतर कोणत्याही गॅरेजात घडवता येत नाही.

‘पत्रा ठोस आहे’ या मुद्द्यासाठी दोन चाचण्यांची दृश्ये अवश्य पाहावीत. २००९मध्ये आयआयएचएसने १९५९ची शेव्हर्ले बेल एअर आणि २००९ची शेव्हर्ले मॅलिबू ताशी ६४ किलोमीटरने एकमेकींवर अर्धवट आदळवल्या. लांबलचक, भारदस्त बेल एअरचा मधला भाग कोसळला आणि चालकाच्या जागी ठेवलेल्या पुतळ्याला जगण्याची फारशी शक्यता उरली नाही, तर मॅलिबूमधल्या पुतळ्याच्या पायाला किरकोळ इजा दिसली. ही पन्नास वर्षांची दरी झाली, असे कोणी म्हणेल. पण ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधील एनकॅपने १९९८ची आणि २०१५ची टोयोटा कोरोला त्याच वेगाने समोरासमोर आदळवली, तेव्हाही जुन्या गाडीचा सांगाडा टिकला नाही. एकाच नावाच्या दोन गाड्या, दोघींमध्ये जेमतेम सतरा वर्षे, आणि तुमची ९४४ त्या जुन्या कोरोलापेक्षाही बारा वर्षांनी मोठी आहे.

दुसरी गोष्ट वजनाची. तुमच्या गाडीचे वजन साधारण १२०० किलो आहे. समोरून येणारी आजची मोठी एसयूव्ही २४०० किलोची धरू. दोन्ही गाड्या ताशी ५० किलोमीटरने समोरासमोर आदळून एकमेकींत अडकल्या, तर संवेगाच्या नियमानुसार तो एकत्रित ढीग जड गाडीच्या दिशेने ताशी सुमारे १७ किलोमीटरने सरकेल. म्हणजे जड गाडीतल्या माणसांचा वेग एका क्षणात ३३ने बदलेल, तर तुमच्या गाडीतल्या माणसांचा ६७ने. पुढे जाणारी तुमची मुले त्याच क्षणी मागे ढकलली जातील. या हिशेबात चालकाच्या कौशल्याला कुठेच जागा नाही. म्हणून या प्रश्नावर तुमच्या पत्नीचे म्हणणे मला अधिक भक्कम वाटते.

उत्तर – ग्रीसचे हात

भारवाही यांच्या हिशेबाशी माझा वाद नाही. पण मी वर्षानुवर्षे जुन्या गाड्यांखाली झोपून काम करत आलो आहे आणि माझा अनुभव असा की, जुनी गाडी तिच्या रचनेच्या जुनेपणाने जेवढा दगा देते, त्याहून अधिक वेळा न बदललेल्या रबराने देते. चांगल्या अवस्थेतली १९८६ची गाडी आणि नुसती चांगली दिसणारी १९८६ची गाडी या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

ब्रेकच्या रबरी नळ्यांचेच पाहा. चाकाजवळ, कॅलिपरला (चाकाची तबकडी दाबून धरणाऱ्या ब्रेकच्या भागाला) जोडलेली ही वीतभर नळी बाहेरून काळीभोर आणि निरोगी दिसते. आतून मात्र तिचे अस्तर फुगलेले असते. तुम्ही ब्रेक दाबता तेव्हा पायाच्या जोराने ऑइल पुढे ढकलले जाते, पण पाय काढल्यावर त्याला परत यायला वाट राहत नाही. ते चाक अर्धवट धरलेलेच राहते. थोड्या अंतरानंतर त्या चाकाची रिम हाताला चटका देते, आणि पुढच्या वेळी जोरात ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढली जाते. मूळ नळ्या अजून तशाच असतील, तर ‘सरळ रेषेत थांबते’ हे तुमचे निरीक्षण फक्त आजपुरते खरे आहे. चारही नळ्या एकदम बदला. सोबत ब्रेक ऑइलही बदला, कारण ते हवेतील ओलावा शोषत राहते. डॉट ४ प्रतीचे ताजे ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण ओलावा मुरल्यावर ही किमान मर्यादा १५५पर्यंत खाली येते. उताराच्या रस्त्यावर सतत ब्रेक लावल्यावर पेडल मऊ पडते, त्याचे एक मोठे कारण हेच. दर दोन वर्षांनी ऑइल बदलणे ही चैन नव्हे.

दुसरे टायर. कमी चालणाऱ्या गाडीच्या टायरची नक्षी शाबूत राहते आणि मालक निश्चिंत होतो, पण रबर तोवर कडक झालेले असते आणि ओल्या रस्त्यावर त्याची पकड गेलेली असते. टायरच्या कडेवर डॉट या अक्षरांनंतरच्या मजकुराच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. २३१९ असेल, तर तो टायर २०१९च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला आहे. तिथे तीनच आकडे दिसले, तर तो टायर २०००च्या आधीचा आहे, आणि मग त्या गाडीत मुलांना बसवण्याचा विचारही करू नये.

इंधनाच्या रबरी नळ्यांकडे तर मी सर्वांत आधी पाहीन. त्या गरम इंजिनाच्या सान्निध्यात म्हाताऱ्या होतात, त्यांना सूक्ष्म भेगा पडतात आणि दाबाखालचे पेट्रोल फवाऱ्यासारखे बाहेर येते. दोन दरवाजांच्या गाडीत मागे मुले बसलेली असताना बॉनेटखालून धूर येणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. ९४४मध्ये टायमिंग बेल्टही (इंजिनातले व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा मेळ राखणारा पट्टा) महत्त्वाचा आहे. तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन चालत्या गाडीत जागीच बंद पडते. पॉवर स्टिअरिंग असेल, तर ते जड होते आणि ब्रेकला मिळणारी मदत एकदोन दाबांनंतर संपते. बेल्ट शेवटचा कधी बदलला याचा कागद नसेल, तर तो बदललेला नाही असेच समजावे.

या गाडीची जमेची एक बाजूही सांगतो. ९४४चा पत्रा कारखान्यातूनच जस्ताचा मुलामा देऊन आलेला असतो, त्यामुळे त्या काळच्या इतर गाड्यांच्या मानाने ती कमी गंजते. पण कधी धडकेनंतर पत्रा ठोकून जोडला असेल, तर तिथला मुलामा गेलेला असतो. मागचे गालिचे उचला आणि सीटबेल्टच्या बोल्टांभोवतीचा पत्रा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. खणखणीत आवाज हवा. बद्द आवाज आला, तर त्या बोल्टावर मुलाचा जीव टांगू नये.

मंदगती

दोघांचेही मनापासून आभार. ब्रेकच्या नळ्या आणि टायमिंग बेल्ट यांचे कागद आहेत, दोन्ही बदललेले आहेत. टायर मात्र २०१२चे निघाले. ते लगेच बदलतो.

गालिचे उचलून पाहिले. पत्रा कोरडा आणि खणखणीत आहे. पण एक गोष्ट आजवर कधी लक्षात घ्यायची वेळच आली नव्हती : मागच्या दोन्ही आसनांना फक्त कमरेचे पट्टे आहेत, खांद्यावरून येणारे नाहीत. चार वर्षांच्या मुलाची चाइल्ड सीट कमरेच्या पट्ट्याने बांधता येईल का? आणि मुलीला बूस्टरवर बसवले तर चालेल का?

उत्तर – पाळणाघर

बूस्टरवर मुलीला त्या जागी अजिबात बसवू नका. मुलांच्या आसनांचे काम मी करते, त्यामुळे हे जरा सविस्तर सांगते.

बूस्टरचे काम मुलाला उंच करून तीन बिंदूंचा पट्टा योग्य हाडांवर आणणे हे आहे. त्या पट्ट्याचा खालचा भाग मांड्यांच्या वर, ओटीपोटाच्या हाडावर बसावा आणि वरचा भाग खांद्याच्या मध्यावरून छातीवर यावा. खांद्याचा पट्टाच नसेल, तर धडकेत मुलाचे सगळे शरीर कमरेतून दुमडते, डोके गुडघ्यांवर किंवा समोरच्या सीटच्या पाठीवर आपटते आणि पट्टा हाडावरून घसरून पोटात रुततो. आतड्यांच्या आणि कंबरेच्या मणक्यांच्या या इजा डॉक्टरांना इतक्या परिचित आहेत की, त्यांना पट्ट्याच्याच नावाने ओळखले जाते. नऊ वर्षांच्या मुलाच्या ओटीपोटाचे हाड अजून मोठ्या माणसासारखे घडलेले नसते, म्हणून पट्टा घसरण्याचा धोका त्याच्या बाबतीत अधिक. व्होल्वोच्या निल्स बोलीन यांनी तीन बिंदूंचा पट्टा १९५९मध्ये आणला होता, पण मागच्या आसनांपर्यंत तो पोहोचायला फार काळ गेला. अमेरिकेत नव्या मोटारींच्या मागच्या बाजूच्या आसनांना तो डिसेंबर १९८९पासून सक्तीचा झाला. तुमची गाडी त्याआधीची आहे.

धाकट्याच्या बाबतीत परिस्थिती थोडी बरी आहे. स्वतःचा पाच बिंदूंचा पट्टा असलेल्या, पुढे तोंड करून बसण्याच्या काही आसनांना कमरेच्या पट्ट्याने बांधण्याची परवानगी उत्पादक देतात. ती आहे की नाही, हे आसनाच्या पुस्तिकेतच पाहावे. दुकानदाराच्या शब्दावर विसंबू नये. पण आसनाचा वरचा भाग मागे ताणून धरणाऱ्या पट्ट्यासाठी लागणारा आकडा १९८६च्या गाडीत सहसा नसतो. तो नसला, की धडकेत आसन पुढे झुकते आणि मुलाचे डोके कित्येक सेंटिमीटर अधिक पुढे जाते. ९४४च्या मागच्या आसनात समोरच्या सीटची पाठ इतकी जवळ असते की, तेवढे अंतर मोकळे मिळणे अवघड आहे. आयसोफिक्सचे, म्हणजे चाइल्ड सीट सीटबेल्टशिवाय थेट गाडीला जोडण्याचे, आकडे या गाडीत असण्याचा प्रश्नच नाही. तो मानकच १९९०च्या दशकाच्या अखेरीस आला.

आणखी दोन गोष्टी लोक विसरतात. मुलांच्या डोक्यामागे हेडरेस्ट नाही आणि त्यामागे लगेच उतरती काच व मोकळी डिकी आहे. त्या डिकीत सुटी ठेवलेली कोणतीही जड वस्तू धडकेत मुलांच्या मानेवर येते. शिवाय गाडीला दोनच दरवाजे आहेत. अपघातानंतर समोरची सीट सरकली नाही किंवा दरवाजा अडकला, तर मागच्या मुलाला बाहेर काढण्याची वाट फार अरुंद आहे.

मग सुधारता येण्यासारखे काय आहे? मागे तीन बिंदूंचे पट्टे बसवणे काही गाड्यांत शक्य असते, कारण कारखान्याने आतल्या आवरणामागे मजबूत केलेल्या जागा आणि आटे आधीच ठेवलेले असतात. तुमच्या गाडीत ते आहेत का, हे पाहा. असतील, तर जाणकाराकडून बसवून घ्या. नसतील, तर पत्र्याला भोक पाडून बोल्ट लावण्याचा मोह धरू नका, कारण धडकेत तो पत्रा फाटून पट्टा मोकळा होतो. शर्यतीच्या गाडीतले चार बिंदूंचे पट्टेही मुलांना लावू नका. त्यांत मूल पट्ट्याखालून पुढे निसटू शकते.

मुलीला पुढच्या आसनावर, तीन बिंदूंच्या पट्ट्यासह, पाठ असलेल्या बूस्टरवर आणि सीट शक्य तितकी मागे घेऊन बसवणे हे मागच्या कमरेच्या पट्ट्यापेक्षा नक्कीच बरे. तुमच्या गाडीत एअरबॅग नाहीत, त्यामुळे त्यांचा मुलाला होणारा धोका नाही. पण त्यांचे संरक्षणही नाही. तुमच्या भागातला कायदा मुलांना पुढे बसवण्याबद्दल काय म्हणतो, ते आधी पाहून घ्या.

उत्तर – भारवाही

अपघात टाळण्याच्या मुद्द्यावर थोडे लिहायचे राहिले होते. गाडी वळणावर पकड घेते हे खरे, पण कौटुंबिक प्रवासात निर्णायक क्षण बहुधा अनपेक्षित असतो. कोणीतरी समोर येते, ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला जातो आणि त्याच वेळी स्टिअरिंगही वळवावे लागते. एबीएस नसलेल्या गाडीची पुढची चाके लॉक झाली, की स्टिअरिंग फिरवूनही ती सरळच जाते. घसरणारी गाडी सावरणारी इलेक्ट्रॉनिक प्रणाली १९९५मध्ये मर्सिडीजमध्ये प्रथम आली. आयआयएचएसच्या अभ्यासानुसार एकाच वाहनाच्या जीवघेण्या अपघाताचा धोका तिच्यामुळे सुमारे निम्म्याने कमी होतो. गाडी चालवण्यात उत्तम असलेल्या माणसालाही एका चाकाला वेगळा ब्रेक लावता येत नाही.

मला सगळ्यांत जास्त काळजी बाजूच्या धडकेची वाटते. ९४४ जमिनीलगत बसते. चौकात बाजूने आलेल्या उंच गाडीचा बंपर तुमच्या सिलच्या (दरवाजाखालच्या मजबूत पट्टीच्या) वरून थेट दरवाजावर येतो, आणि तिथे मुलाचे धड व डोके असते. छतापासून खाली उतरणारे पडद्यासारखे एअरबॅग १९९०च्या दशकाच्या अखेरीस आले. बाजूच्या धडकेत तुमच्या मुलांच्या आणि समोरच्या गाडीच्या मध्ये फक्त काच आणि पातळ दरवाजा आहे.

उत्तर – दुसरा डाव

चर्चा वाचली. ९४४ हौसेसाठी ठेवावी आणि मुलांसाठी दुसरी गाडी असावी, याबद्दल दुमत दिसत नाही. पण मंदगती यांना चालवण्याचा आनंदही हवा आहे, म्हणून मधला मार्ग सुचवतो. २००४ ते २०१० या काळातील चार आसनांच्या स्पोर्ट्स गाड्या आज जुन्याच मानल्या जातात, पण त्यांपैकी बऱ्याच गाड्यांत पुढचे व बाजूचे एअरबॅग, एबीएस, मागे तीन बिंदूंचे पट्टे आणि आयसोफिक्स असतात. माझदा आरएक्स-८चे उदाहरण घ्या. तिला मागच्या मुलांसाठी उलटे उघडणारे छोटे दरवाजे आहेत, त्यामुळे समोरची सीट दुमडून आत शिरावे लागत नाही. (तिच्या इंजिनाची निगा हा स्वतंत्र विषय आहे आणि हलका नाही.)

या काळातली गाडी घेताना दोन गोष्टी तपासा. पहिली म्हणजे टकाटा कंपनीचे एअरबॅग. त्यांतले अमोनियम नायट्रेटचे मिश्रण वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि दमटपणाने बिघडते, आणि एअरबॅग फुगताना धातूचे आवरण फुटून तुकडे प्रवाशांच्या अंगात घुसतात. कोट्यवधी एअरबॅग परत मागवले गेले, आरएक्स-८ही त्यात होती. गाडीचा चासी क्रमांक उत्पादकाच्या रिकॉल यादीत तपासल्याशिवाय व्यवहार करू नये. दुसरी गोष्ट म्हणजे डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा. चावी फिरवल्यावर तो काही क्षण लागून विझला पाहिजे. तो मुळात लागलाच नाही, तर बल्ब काढून दोष लपवला असण्याची शक्यता असते. मागच्या मालकाने स्टिअरिंग बदलून शर्यतीचे लावले असेल, तर त्यातला एअरबॅग गेलेला आहे हे गृहीत धरा. घसरण सावरणारी प्रणाली त्या काळात अनेक मॉडेलमध्ये जादा पैसे भरूनच मिळत असे, तेव्हा तुमच्या हातात आलेल्या त्या विशिष्ट गाडीत ती आहे का, तेही पाहा.

मंदगती

सर्वांचे उत्तर मिळाले आणि आमचा निर्णय झाला. घरातली दुसरी गाडी विकणार नाही. मुलांची शाळा आणि लांबचा प्रवास तिनेच होईल. ९४४मध्ये मागच्या आसनांवर यापुढे कोणी बसणार नाही. मुलीला कधीतरी पुढे बसवून जवळपास फिरवून आणायची इच्छा आहे. त्यासाठी पुढच्या सीटबेल्टची अवस्था कशी तपासावी, एवढेच अजून विचारायचे आहे.

उत्तर – ग्रीसचे हात

पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढा आणि उजेडात धरून पाहा. कडेचे धागे सुटलेले असतील, उन्हाने रंग उतरून कापड कडक झाले असेल किंवा एखाद्या जागी पट्टा लाटेसारखा ताणलेला दिसत असेल, तर तो बदलावा. लाटेसारखा ताण हे पूर्वीच्या धडकेचे लक्षण असते. मग पट्टा झटक्याने ओढून पाहा. पट्टा आत ओढून घेणाऱ्या ज्या गुंडाळ्या फक्त गाडीच्या हालचालीने अडकतात, त्या हाताने ओढून अडकत नाहीत, म्हणून मोकळ्या, रिकाम्या जागी कमी वेगाने, मुलांशिवाय, ब्रेक दाबून त्या अडकतात का, हेही पाहा. सोडलेला पट्टा स्वतःहून पूर्ण आत गेला पाहिजे. अर्ध्यावर थांबत असेल, तर तो मुलीच्या छातीवर सैल राहील. बकलमध्ये जीभ घातल्यावर टक असा स्पष्ट आवाज यावा आणि जोराने ओढूनही ती निघू नये. शंका उरली, तर त्याच मॉडेलसाठी बनवलेला नवा पट्टा गुंडाळीसकट घ्या. भंगारातला घेऊ नका, कारण तो कोणत्या धडकेतून आला हे कळायला मार्ग नसतो. जुने बोल्टही परत न वापरता नवे, मूळ मापाचे लावा आणि ते टॉर्क पान्याने ठरलेल्या मापाला आवळून घ्या.